पाहुण्यांचं ब्रिटिश कोलंबिया

परदेशात राहणारा मराठी माणूस आपलं गाव बघतो ते पाहुणे आले की. एरवी नोकरी, मुलांच्या शाळा, घराचे हप्ते आणि पाऊस. व्हँकूवरचा पाऊस ऑक्टोबरात लागला की एप्रिलपर्यंत उसंत देत नाही, त्यामुळे भारतातली मंडळी यायची ती मे ते सप्टेंबर. नव्वदीच्या दशकात आम्ही इथे नवे होतो तेव्हा प्रत्येक मराठी घरात पाहुण्यांचा मार्ग जवळपास ठरलेला असे: स्टॅन्ली पार्क, तिथले टोटेम पोल, मत्स्यालय, झुलता पूल, बोटीनं व्हिक्टोरिया, बुचार्ट गार्डन आणि गाडी भरवशाची असली तर व्हिस्लर. ‘काल बुचार्टला तुमचे सासू-सासरे दिसले,’ असं कुणी फोनवर सांगितलं तर नवल वाटत नसे. सांगणारेही आपल्या पाहुण्यांना घेऊन तिथेच गेलेले असत.

तेव्हा कॅनडाच्या डॉलरला २५ रुपयांच्या आसपास पडत, आता ६०च्या वर. पण २५नं गुणणारे पाहुणे हवालदिल व्हायचे. हल्लीचे मुळी गुणतच नाहीत. कॅपिलानोच्या झुलत्या पुलाच्या तिकीटखिडकीशी माझ्या सासऱ्यांनी मनातल्या मनात हिशेब केला आणि विचारलं, “पूल बाहेरून दिसत नाही का गं?” दिसत नाही. १८८९ साली जॉर्ज ग्रँट मॅके नावाच्या स्कॉटिश इंजिनिअरनं तो दोरखंड आणि सीडरच्या फळ्या वापरून बांधला होता. आजचा पूल पोलादी दोरांवर आहे, १३७ मीटर लांब आणि नदीपासून ७० मीटर उंच. तिकीट आता ७० डॉलरच्या घरात गेलंय. त्या दिवशी आम्ही गाडी वळवली आणि लिन कॅन्यनला गेलो. तिथला पूल १९१२चा, लांबीला कमी, खाली ५० मीटरवर हिरवंगार पाणी, आणि तिकीट नाही. नॉर्थ व्हँकूवरच्या या फुकट पुलानं किती मराठी सुनांची लाज राखली असेल कोण जाणे.

मत्स्यालयाचं तिकीट मात्र सगळे काढत, कारण तिथे किलर व्हेल होती. बियोसा आणि फिना अशी जोडी, दोघंही आइसलँडच्या समुद्रातून पकडून आणलेली. काचेपलीकडून तो काळापांढरा प्रचंड देह सरकत गेला की मुलं श्वास रोखून बघत, आणि वर बाकांवर बसलं की एखाद्या उडीसरशी पहिल्या दोन-तीन रांगा चिंब होत. सासूबाईंनी आधीच पदर डोक्यावरून घेतला होता. सासरे म्हणाले, “एवढ्या मोठ्या जनावराला एवढीशी विहीर?” आणि पुढच्या सीलकडे वळले. त्या वेळी आम्हाला ते म्हातारपणचं कुरकुरणं वाटलं होतं.

ही ‘विहीर’ कशी आली त्याची कथा विलक्षण आहे. १९६४ साली याच मत्स्यालयाला किलर व्हेलचा पुतळा करायचा होता. नमुना हवा म्हणून एक जनावर मारून आणायला शिल्पकाराला सॅटर्ना बेटावर पाठवलं. तेव्हा या प्राण्याला इथले कोळी वैरी समजत, दिसला की गोळी घालत. हार्पून एका पिल्लाला लागला, पण ते मेलं नाही. मग त्याला हार्पूनच्याच दोरीनं ओढत व्हँकूवरला आणलं. मादी समजून नाव ठेवलं मोबी डॉल. मेल्यावर कळलं की तो नर होता. तीन महिनेसुद्धा जगला नाही, पण तेवढ्यात लोकांनी पाहिलं की हे राक्षसी म्हणवलं जाणारं जनावर माणसाच्या हातून मासा घेतं. त्यातून दया उपजायला हवी होती. उपजला तो धंदा. पुढची दहाएक वर्षं या किनाऱ्यावर जाळी लावून पिल्लं पकडली गेली आणि जगभरच्या तलावांत विकली गेली. हे सगळं थांबायला मायकल बिग नावाचा शास्त्रज्ञ कारणीभूत झाला. सत्तरच्या दशकात त्यानं सरकारसाठी या व्हेलची मोजदाद केली, तेव्हा लोकांच्या समजुतीपेक्षा त्या फारच थोड्या निघाल्या. पाठीवरच्या पंखाचा आकार, त्यावरच्या खाचा आणि पंखामागचा करडा डाग यांवरून प्रत्येक व्हेल वेगळी ओळखता येते, हेही त्यानंच फोटो काढकाढून दाखवलं.

फिना १९९७मध्ये गेला. बियोसाला झालेलं एकही पिल्लू जगलं नव्हतं. २००१मध्ये तिला सॅन डिएगोला हलवलं आणि त्याच वर्षी ती तिथे मेली. स्टॅन्ली पार्कातलं जुनं प्राणिसंग्रहालय तर लोकांनी १९९३ साली मतदान करूनच बंद करायला लावलं होतं. टक नावाचं एक म्हातारं ध्रुवीय अस्वल तेवढं हलवण्याजोगं नव्हतं म्हणून १९९७पर्यंत एकटं राहिलं. २०१९मध्ये देशभर कायदाच झाला की मनोरंजनासाठी व्हेल आणि डॉल्फिन पकडून ठेवायचे नाहीत. आज मत्स्यालयाच्या दारात बिल रीडनं केलेली ब्राँझची किलर व्हेल तेवढी उडी घेताना दिसते. ती १९८४पासून तिथे आहे, पण आत जिवंत व्हेल असताना तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नसे.

आता पाहुण्यांना व्हेल दाखवायच्या तर समुद्रात जावं लागतं. रबरी होडी, अंगात लाल रंगाचा फुगीर सूट, आणि दिसतीलच याची खात्री नाही. दिसल्या तरी इथल्या दक्षिणेकडच्या पाण्यात किलर व्हेलपासून होडी नियमानं बरीच दूर ठेवावी लागते, त्यामुळे फोनमधल्या फोटोत येतो काळा ठिपका. गेल्या उन्हाळ्यात आलेल्या एका पाहुण्यांनी तो ठिपका मोठा करून करून पाहिला आणि म्हणाले, “यूट्यूबवर याहून चांगल्या दिसतात.” खरं आहे. पण यूट्यूबवर न दिसणारी एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली आहे: आम्ही आलो तेव्हा व्हँकूवर आणि व्हिक्टोरियाच्या मधल्या पाण्यात हंपबॅक व्हेल जवळपास नव्हत्याच. व्हँकूवर बेटाच्या उत्तर टोकाशी कोल हार्बरला देवमाशांच्या शिकारीचं शेवटचं केंद्र होतं, ते १९६७मध्ये बंद पडलं. तोवर त्या जवळजवळ संपल्या होत्या. आता त्या परत आल्यात, पिल्लं घेऊन येतात. सीलची कत्तल थांबून अर्धशतक झालं, सील वाढले, त्यामुळे सील खाणाऱ्या किलर व्हेलही पूर्वीपेक्षा जास्त दिसतात. शास्त्रज्ञांनी त्यांना बिगचं नाव दिलंय.

फक्त सामन मासा खाणाऱ्या किलर व्हेलचं मात्र बरं नाही. चिनूक जातीचा सामन घटला, जहाजांचा गोंगाट वाढला, आणि त्यांचा दक्षिणेकडचा कळप सत्तरीच्या आसपास अडकलाय. त्यातलीच एक मादी २०१८मध्ये मेलेलं पिल्लू डोक्यावर धरून १७ दिवस पोहत राहिली होती, तेव्हा रोज संध्याकाळी फोनवर आई विचारी, “सोडलं का गं तिनं?” दुसरीकडे २००२ साली सिएटलजवळ एकटंच सापडलेलं स्प्रिंगर नावाचं अनाथ पिल्लू बोटीत घालून जॉन्स्टन सामुद्रधुनीत तिच्या नातलगांच्या पाण्यात सोडलं आणि त्यांनी तिला कळपात घेतलं. पुढे तिलाही पिल्लं झाली. या कामात व्हँकूवरचं मत्स्यालयही होतं, हे सांगायला हवं. ठिपक्याएवढी का होईना, आजचीच व्हेल मला जास्त बघावीशी वाटते. पाहुणे मात्र तेव्हाचे बरे होते.

का, ते बोटीवर सर्वांत चांगलं कळायचं.

व्हिक्टोरिया ही प्रांताची राजधानी, आणि ती बेटावर. १९५८ साली खासगी बोटींच्या कामगारांचे संप झाले, बेटाची वाहतूक खोळंबली, आणि प्रांताच्या बेनेट सरकारनं वैतागून स्वतःचीच बोटसेवा काढायचं ठरवलं. १९६० साली दोन बोटींनी सुरू झालेली ती सेवा म्हणजे बीसी फेरीज. त्सवासेनच्या धक्क्यावरून गाडी थेट बोटीच्या पोटात चढवायची आणि सुमारे दीड तासानं पलीकडे उतरवायची. सासूबाई त्या धक्क्याला शेवटपर्यंत ‘सवाष्ण’च म्हणत राहिल्या. नव्वदीत आम्ही आगाऊ काही ठरवत नसू. सकाळी उठायचं, धपाटे, लसणीची चटणी, दह्याचा डबा, थर्मासात चहा, आणि निघायचं. लाँग वीकेंड असला की धक्क्यावर मैलभर रांग. पहिली बोट डोळ्यांदेखत भरून सुटे, कधी दुसरीही. मग गाडीचं मागचं दार उघडून तिथेच पंगत. शेजारच्या गाडीतले पंजाबी काका लोणच्याचा वास ओळखून येत आणि बदल्यात मठरी देत. एकदा अशा रांगेतच आम्हाला कळलं की आमच्या मागच्या गाडीत ठाण्याचं कुटुंब आहे. ती ओळख आजवर टिकली आहे.

सासरे अलिबागकडचे. १७ जुलै १९४७ला रामदास बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाताना बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली, तेव्हा ते शाळकरी पोर होते. त्या किनाऱ्यावर जिथलं कुणी गेलं नाही असं गाव सापडणं कठीण. त्यामुळे फेरीवर चढल्यावर त्यांनी सगळ्यात आधी जीवरक्षक होड्या मोजल्या, मग जॅकेटांच्या पेट्या कुठे आहेत ते पाहिलं, मग खलाशाला गाठून एकंदर माणसं किती आणि जॅकेटं किती ते विचारलं. त्या खलाशानंही न हसता सगळं दाखवलं. मग सासरे डेकवर जाऊन उभे राहिले ते पलीकडे पोचेपर्यंत. अॅक्टिव्ह पासमध्ये बोट शिरते तेव्हा दोन्हीकडची बेटं इतकी जवळ येतात की अंगणात वाळत घातलेले कपडे दिसतात. वळणावर भोंगा वाजतो, समोरून दुसरी फेरी येते. इथेच १९७० साली सेर्गेई येसेनिन नावाचं सोव्हिएत मालवाहू जहाज एका फेरीच्या कुशीत घुसलं होतं आणि तिघं गेले होते. हे मी सासऱ्यांना परतीच्या प्रवासानंतर सांगितलं.

आता जागा फोनवर आरक्षित करायची, पुढची बोट किती टक्के भरली तेही तिथेच दिसतं. आरक्षणाच्या वेळेला धक्क्यावर पोचलं की पंधरा-वीस मिनिटांत गाडी आत. सोय निश्चित झाली. पण पाहुणे वर जाऊन खिडकीशी बसतात, वायफाय शोधतात आणि घरच्या ग्रुपवर फोटो टाकतात. कप्तानानं मध्येच सांगितलं की डाव्या बाजूला व्हेल दिसताहेत, तर उठतात खरे, पण फोन पुढे धरूनच. अॅक्टिव्ह पास निघून गेल्यावर विचारतात, “ते तुम्ही म्हणत होता ते वळण कधी येणार?”

बुचार्ट गार्डनबद्दल नवं सांगण्यासारखं काही नाही असं मला बरीच वर्षं वाटायचं. चुनखडीची खाण संपली, मालकाची बायको जेनी बुचार्ट हिनं हळूहळू त्या खड्ड्यात माती आणून बाग केली, वगैरे. सासूबाई डेलियांपुढे हरवल्या. सासऱ्यांनी उमेदीची वर्षं सिमेंटच्या कारखान्यात काढली होती. ते फुलांकडे पाठ करून, बागेच्या कडेला अजून उभ्या असलेल्या जुन्या भट्टीच्या धुराड्याकडे बघत होते. म्हणाले, “इथे दगड फोडायला माणसं कोण होती?” मला सांगता आलं नाही. उत्तर बागेच्या भिंतीपलीकडेच, टॉड इनलेट नावाच्या खाडीवर होतं. सिमेंट कारखान्यातलं अंगमेहनतीचं काम चिनी आणि पंजाबातून आलेले शीख मजूर करत, आणि त्यांच्या वस्त्या त्या खाडीकाठी होत्या. आता ती जागा प्रांतिक उद्यानात आहे, तिथे झाडीतून चालत जाता येतं, तिकीट लागत नाही. गेली काही वर्षं मी पाहुण्यांना आधी तिथे नेते, बाग नंतर.

अशा जागा मार्गात पूर्वी नव्हत्याच. व्हँकूवर शहरातल्या कोल हार्बरच्या किनाऱ्यावर, फिरायला सुंदर अशा रस्त्यावर, २०१२पासून कोमागाता मारूचं स्मारक आहे. १९१४च्या मे महिन्यात ३७६ प्रवासी घेऊन आलेली ती बोट इथून दिसणाऱ्या पाण्यात दोन महिने अडवून ठेवली आणि मूठभर लोक सोडून बाकीच्यांना परत पाठवलं. आमच्या नव्वदीतल्या पाहुण्यांनी याच पाण्यावर उतरणाऱ्या सी-प्लेनचे फोटो काढले. आम्हीच कधी बोटीचा विषय काढला नव्हता.

टोटेम पोलही तसेच. खांब रंगीत, फोटोला उत्तम, पुढे उभं राहून ‘रेड इंडियन’ म्हणायचं आणि दुकानातून छोटी प्रतिकृती घ्यायची. मोठे खांब कोरणं ही मुळात उत्तरेकडच्या लोकांची परंपरा, आणि पार्कातले जुने खांब बहुतेक तिकडूनच आणलेले. ज्यांची ही जमीन, त्या स्क्वॉमिश, मस्क्वीम आणि त्स्लेल-वाउतुथ लोकांचं इथे काहीच दिसत नसे. या पार्कात ह्वायह्वाय नावाची त्यांची वस्ती होती. १८८८मध्ये रस्ता काढताना तिथले शिंपल्यांचे जुने ढीग खणून तेच रस्त्यावर पसरले. २००८मध्ये मस्क्वीम कलावती सुझन पॉइंट यांची तीन कोरीव प्रवेशद्वारं उभी राहिली, तेव्हा कुठे घरच्यांचा पाय घरात पडला.

व्हिस्लरचा रस्ता २०१० ऑलिंपिकच्या आधी रुंद केला, त्यामुळे आता तो सुखाचा आहे. त्याआधी मी त्या रस्त्यावर पाहुण्यांना समुद्राकडे बघा म्हणत असे, ते डोंगरातून सुटणाऱ्या दगडांकडे बघू नयेत म्हणून. वर दोन शिखरांना जोडणारी गोंडोला २००८पासून आहे, मधे तीन किलोमीटर एकही खांब नाही. सासरे असते तर त्यांनी दोर किती जाडीचा ते विचारलं असतं. स्क्वॉमिशच्या गोंडोलाचा दोर तर कुणीतरी २०१९मध्ये रात्री कापला, नवा बसवल्यावर २०२०मध्ये पुन्हा कापला. पाळणे खाली. सुदैवानं माणूस कुणी नव्हता.

बदललेलं सगळ्यात मोठं काही असेल तर तो ऑगस्ट महिना. पूर्वी पाहुण्यांना आम्ही डोळे मिटून ऑगस्टमध्ये बोलवायचो: पाऊस नाही, उकाडा नाही, रात्री नऊपर्यंत उजेड. २०१७ आणि २०१८ला आतल्या भागातल्या वणव्यांचा धूर आठवडेच्या आठवडे शहरावर बसून राहिला. २९ जून २०२१ला लिटन गावात पारा ४९.६ अंशांवर गेला आणि दुसऱ्या दिवशी गावच जळालं. २०२३मध्ये प्रांतातलं २८ लाख हेक्टरहून जास्त जंगल आगीत गेलं. त्या उन्हाळ्यात नागपूरहून आलेली माझी मावसबहीण म्हणाली, “उन्हाळ्यातून सुटायला तुझ्याकडे आले, तर तू खिडक्या बंद करून बसवलंस.” हवा शुद्ध करायचं यंत्र आता आमच्याकडे पाहुण्यांच्या खोलीतच असतं.

आणि पास. गोल्डन इअर्स, गॅरिबाल्डी, जॉफ्री लेक्स ही उद्यानं, जिथे आम्ही मनात आलं की जायचो, तिथे आता हंगामात दिवसाचा पास लागतो. पैसे नाहीत, पण दोन दिवस आधी सकाळी सातला फोन घेऊन बसायचं, आणि मिनिटांत पास संपतात. जॉफ्रीचे तीन निळेहिरवे तलाव इन्स्टाग्रामवर गाजले आणि तिथली पायवाट गर्दीनं खचली. २०२३पासून लिलवात आणि एनक्वात्क्वा हे तिथले मूळ लोक वर्षातला काही काळ ती जागा इतरांना बंद ठेवायला लावतात. त्यांना आपल्या फळांच्या, औषधी झाडांच्या आणि विधींच्या वेळी तिथे स्वस्थता हवी असते. मला हे पटतं. पाहुण्यांना पटवायला वेळ लागतो.

आत्ताचंच सांगते. भाचा आणि त्याची बायको यंदा सप्टेंबरात येताहेत. पुण्याहून त्यानं तासातासाचा तक्ता पाठवलाय, ठिकाणांच्या उंचीसकट, सूर्य कुठून असेल त्यासकट. तिसऱ्या दिवशी जॉफ्री. मी फोन करून सांगितलं की बहुतेक त्या दिवसांत बंद असेल.

“बंद म्हणजे? डोंगर बंद कसा असेल, मावशी?”

“असतो.”

“अगं पण तिथला फोटो तर... बरं, मग तो दिवस काय करायचं?”

“लिन कॅन्यनला जाऊ. पूल आहे, धबधबा आहे. फुकट.”

दोन मिनिटं त्याच्या बाजूनं टकटक ऐकू येत होती. मग म्हणाला, “पूल फुकट आहे गं, पण पार्किंगला पैसे लिहिलेत. आधीपासूनच?”

“नाही,” मी म्हटलं, “हल्ली. आपण बसनं जाऊ. आणि तिला विचार, धपाटे चालतील का.”